संवेदनशीलता: एका स्तुतिपदाची तपासणी

मराठी ग्रंथपरीक्षणांत एका विशेषणाचें माहात्म्य अलीकडे फारच वाढलें आहे. कवि असो, कथाकार असो, कीं प्रवासवर्णन लिहिणारा असो, त्याच्याविषयीं चार बरे शब्द लिहावयाचे झाले म्हणजे 'संवेदनशील' हा शब्द हटकून पुढें येतो. 'संवेदनशील मनाचा कवि' इतकें म्हटलें कीं परीक्षकाचें अर्धें काम झालें. राहिलेलें अर्धें, कवितेंतील ओळी उतरून देण्यानें होतें. या शब्दानें कोणाचें मन दुखावत नाहीं, कोणाशीं वाद ओढवत नाहीं, आणि पुस्तकांत नेमकें काय आहे हें सांगण्याची जबाबदारीहि टळते. ज्या नाण्यावर किंमतच कोरलेली नाहीं असें नाणें बाजारांत इतक्या सुखानें फिरावें, याचें आश्चर्य वाटतें. तें कोणी तरी वाजवून पाहावें, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच आहे.

पूर्वींच्या टीकाकारांपाशीं या जागीं वापरावयाचे शब्द पुष्कळ होते. हळवा, सहृदय, मार्मिक, चोखंदळ हे सर्व शब्द एकाच प्रांतांतले. पण प्रत्येकाचा मुलूख निराळा. हळवा मनुष्य लवकर विरघळतो, पण कशानें विरघळेल याचा नेम नसतो. सहृदय मनुष्य दुसऱ्याच्या हृदयाशीं आपलें हृदय जुळवून घेतो. मार्मिक माणसाची दृष्टि थेट वर्मावर जाते. चोखंदळ मनुष्य दहा वस्तु बाजूस सारून अकरावी उचलतो. हळव्या माणसास कोणी चोखंदळ म्हटलें असतें, तर ऐकणारे हंसले असते. 'संवेदनशील' या एका शब्दानें या सर्वांस एकाच पंक्तीस बसविलें, आणि पंक्तींत कोण कोण आहे हें ओळखेनासें झालें.

परंतु या शब्दाचीं दुसरींहि घरें आहेत. सोनाराच्या पेढीवर, छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलींत, रोगपरीक्षेच्या प्रयोगशाळेंत, वेधशाळेंत हा गुण रोज वावरतो. आणि तेथें तो फुकट मिळत नाहीं. तेथें संवेदनशीलता म्हटली कीं प्रश्न येतात: कशाविषयीं? किती? आणि तिच्यासाठीं काय गमवावें लागलें? हे प्रश्न वाङ्मयविचारास परके आहेत असें आम्हांस वाटत नाहीं. ते आमच्या विचारांतून केव्हां नाहींसे झाले, हेंच पाहण्यासारखें आहे.

सोनाराच्या कांट्यापासून आरंभ करूं. कांटा संवेदनशील आहे याचा अर्थ असा कीं, पारड्यांत अगदीं थोडें वजन अधिक पडलें तरी त्याची सुई स्पष्ट ढळते. हा गुण आणण्यासाठीं दांडीचा गुरुत्वमध्य टेकूच्या जितका निकट आणावा, तितकी सुई अधिक ढळते. पण त्याच मानानें तिला स्थिर होण्यास वेळहि अधिक लागतो. दांडी सावकाश, लांब झोके घेत राहते. गुरुत्वमध्य टेकूच्या वर गेला तर दांडी कलंडतेच, आणि मग तिला वजन कळण्याची गोष्टच राहत नाहीं. असा कांटा कांचेच्या पेटींत ठेवतात, कारण वाऱ्याच्या झुळुकीनें आणि तोलणाराच्या श्वासानेंहि तो हलतो. याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, कांटा कितीहि संवेदनशील असला तरी तेवढ्यानें तो खरा ठरत नाहीं. दांडीच्या दोन भुजा असमान असतील तर तो सूक्ष्म फरकासहि ढळेल, आणि तरी प्रत्येक वेळीं खोटेंच वजन सांगेल. संवेदनशीलता आणि सत्यता हे दोन निरनिराळे गुण आहेत. ज्या कवीचें मन सदा हेलकावे खातें त्यास आम्ही संवेदनशील म्हणतों. पण तें शेवटीं कोठें स्थिरावलें, आणि स्थिरावलें तेथें त्यानें वजन खरें सांगितलें कीं नाहीं, हें विचारण्याचें मात्र राहून जातें.

छायाचित्रणाची गोष्ट आणखी उद्बोधक आहे. फितीवरील लेपास अल्प प्रकाशांतहि चित्र घेतां यावें, म्हणून त्यांतील रौप्यलवणाचे कण मोठे ठेवावे लागतात. आणि कण मोठे झाले कीं चित्र खरखरीत होतें. जी फीत मेणबत्तीच्या उजेडांत चेहरा टिपते, ती त्या चेहऱ्यावरील बारीक रेषा गमावते. आजच्या फीतविरहित कॅमेऱ्यांतहि ही देवघेव सुटलेली नाहीं. त्यांत मंद संकेत वाढवितां येतो, पण त्याबरोबर यंत्राची स्वतःची गडबडहि वाढते. यापेक्षां मोठा धडा मात्र रंगांचा आहे. आरंभींच्या काळांतील कांचा निळ्या प्रकाशास तत्काळ प्रतिसाद देत आणि तांबड्यास जवळजवळ आंधळ्या असत. निळें आकाश त्यांवर कोरें पांढरें येई, आणि तांबडें वस्त्र काळें. १८७३ सालीं हर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञास असें आढळलें कीं, लेपांत विशिष्ट रंगद्रव्य मिसळलें असतां तो हिरव्या प्रकाशासहि प्रतिसाद देऊं लागतो. पुढें तांबड्याचीहि सोय झाली. तरी मूकपटांच्या काळांतील बहुतेक फिती तांबड्यास आंधळ्याच राहिल्या. त्या फिती असंवेदनशील होत्या असें कोणी म्हणणार नाहीं. त्या एका गोष्टीविषयीं फार तीव्र आणि दुसरीविषयीं पूर्ण अंध होत्या. आणि आपण अंध आहों हें त्यांच्यावरील चित्र पाहून कळत नसे, कारण तेथें पोकळी दिसत नसे, काळा रंग दिसे.

मराठी टीकेच्या इतिहासांत अशा निळ्या कांचा थोड्या नाहींत. बा. सी. मर्ढेकर यांचा 'कांहीं कविता' हा संग्रह १९४७ सालीं आला, तेव्हां चांदणें, फुलें आणि विरह यांच्या प्रकाशांत तयार झालेल्या पुष्कळ रसिक मनांस त्यांत नुसता काळोख दिसला. पुस्तकावर अश्लीलतेचा खटलाहि झाला, आणि त्यांतून तें सुटलें. ते रसिक मंद नव्हते. चांदण्याचा अर्धा कवडसाहि ते टिपीत असत. पण यंत्रयुगांतील शहराच्या करुणेचा रंग त्यांच्या कांचेवर उमटत नव्हता. पुढें १९७२ सालीं नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' आला. त्यास विजय तेंडुलकर यांनीं प्रस्तावना लिहिली. पांढरपेशा वाचकास अपरिचित असें तें जग आणि ते शब्द आधीं समजून घ्यावे, मग बोलावें, हा त्या प्रस्तावनेंतील प्रयत्न आमच्या मतें फोगेलच्या रंगद्रव्यासारखा आहे. लेपांत जें मुळांत नव्हतें तें बाहेरून आणून मिसळावें लागतें. टीकाकाराची संवेदनशीलता ही जन्मजात देणगी मानली कीं हा मार्गच बंद होतो.

आतां वैद्यकाकडे वळूं; कारण या शब्दाची सर्वांत कडक परीक्षा तेथें झाली आहे. १९४७ सालीं जेकब येरुशाल्मी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानें रोगपरीक्षेच्या पद्धतींस मोजण्यासाठीं 'सेन्सिटिव्हिटी' आणि 'स्पेसिफिसिटी' अशी शब्दांची जोडी वापरली. पहिलीस संवेदनशीलता म्हणूं, दुसरीस विशिष्टता. ज्यांस रोग खरोखर आहे त्यांपैकीं किती जणांस परीक्षेनें ओळखलें, ही संवेदनशीलता. ज्यांस रोग नाहीं त्यांपैकीं किती जणांस तिनें निर्दोष सोडलें, ही विशिष्टता. या जोडीचें मर्म असें कीं, पहिली एकटी असेल तर तिला कवडीची किंमत नाहीं. समोर येईल त्यास रोगी ठरविणाऱ्या परीक्षेची संवेदनशीलता शंभर टक्के भरते. एकहि रोगी तिच्या हातून निसटत नाहीं. तरी असली परीक्षा कोणी वापरणार नाहीं. १९०६ सालीं निघालेल्या वासरमान परीक्षेची अशीच एक अडचण पुढें ध्यानांत आली. ती उपदंश शोधण्यासाठीं होती, पण हिवताप किंवा कुष्ठ झालेल्या माणसाचें रक्तहि कधीं कधीं तिला तसाच जबाब देई. हिवतापाच्या प्रदेशांत त्या जबाबावर विसंबणें म्हणजे निरपराध माणसावर नसता कलंक लावणें होतें.

आकड्यांनीं हें अधिक स्पष्ट होईल. समजा, एक हजार लोकांत दहांस रोग आहे. परीक्षा दहा रोग्यांपैकीं नऊ ओळखते आणि दर शंभर निरोगी माणसांपैकीं नव्वदांस बरोबर सोडते. ऐकावयास परीक्षा उत्तम वाटते. पण ९९० निरोगी माणसांपैकीं ९९ जणांस ती रोगी ठरवील. एकूण १०८ जणांवर ठपका येईल, आणि त्यांपैकीं खरे रोगी नऊच, म्हणजे बारांत एक. आतां रोग्यांच्या जागीं चांगल्या कविता घाला. हजार कवितांत दहा खरोखर चांगल्या निघाल्या, तर तें वर्ष सुपीक म्हणावें लागेल. ज्या परीक्षकाचें मन त्यांपैकीं नवांवर डोलतें तो रसिक खराच. पण तो उरलेल्यांपैकीं ९९ कवितांवरहि तितकाच डोलत असेल, तर त्याच्या डोलण्यावरून वाचकास काय कळावें? बारा वेळां पुस्तक विकत घ्यावें तेव्हां एकदां पैसे सार्थकीं लागतील. वाचक हा हिशेब कागदावर मांडीत नाहीं. तो कांहीं वर्षांनीं परीक्षणें वाचणेंच सोडून देतो. नुकसान त्या नऊ कवींचें होतें. कारण त्यांची स्तुति आणि इतरांची स्तुति यांत भेद उरत नाहीं. सर्वांवर दया करणारा परीक्षक दयाळू आहे असा समज आहे. खऱ्या कवीच्या वांट्यास मात्र त्या दयेंतून उपेक्षाच येते.

येरुशाल्मीच्या विवेचनाचा विषय छातीच्या क्ष-किरण चित्रांतून क्षय शोधण्याचा होता, हेंहि विसरूं नये. त्याच सुमारास अमेरिकेंत कित्येक तज्ज्ञांस एकाच लोकांचीं चित्रें पाहावयास दिलीं, तेव्हां त्यांचें आपसांत पटेना. आणि कांहीं काळानें तींच चित्रें पुन्हां दिलीं, तेव्हां पुष्कळ ठिकाणीं तज्ज्ञाचें स्वतःशींहि पटेना. वैद्यकानें हें लाज वाटून दडविलें नाहीं. मोजलें, छापलें, आणि एकाच चित्राचें दोघांनीं स्वतंत्र वाचन करण्यासारखे उपाय काढले. वाङ्मयाच्या परीक्षकानें दहा वर्षांपूर्वींचें आपलेंच परीक्षण समोर ठेवून तें पुस्तक पुन्हां वाचावें, ही प्रथा आमच्याकडे कोठें आहे? मतभेद झाला कीं 'अभिरुचि वेगळी' म्हणून तो मिटविण्यांत येतो, आणि स्वतःशींच झालेला मतभेद तर कोणास दिसतहि नाहीं.

वैद्यकांत या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो गुणाचा नसून व्याधीचा आहे. १९०२ सालीं शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं समुद्रपुष्प नांवाच्या जलचराचें विष कुत्र्यांस टोंचलें. पहिल्या मात्रेंतून वांचलेल्या कुत्र्यास कांहीं आठवड्यांनीं अगदीं थोडी मात्रा दिली, तेव्हां त्याची शक्ति वाढलेली दिसण्याऐवजीं तो थोड्याच वेळांत मेला. पहिल्या स्पर्शानें शरीर सावध झालें होतें, पण इतकें, कीं रक्षणाची धांदलच प्राणघातक ठरली. या शोधाबद्दल रिशेस १९१३ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. समाजासहि हा विकार होतो. एका शब्दानें, एका नांवानें, एका चित्रानें अंगावर गांधी उठतात, आणि पुस्तक न वाचतांच त्यावर मोर्चा निघतो. शासनाच्या भाषेंत अशा जागेस 'संवेदनशील भाग' म्हणतात. तेथें पोलीस अधिक ठेवावे लागतात. ज्या शब्दानें कवीचा गौरव करावयाचा त्याच शब्दानें दंग्याची भीति सुचवावयाची, हा भाषेचा विनोद नव्हे. प्रतिसादाची तीव्रता हें एकटें मोल नव्हे, ही गोष्ट भाषेनें येथें नकळत कबूल केली आहे. अल्प कारणानें फार पेटणारें मन आणि अल्प खुणेवरून फार ओळखणारें मन यांतील अंतर टीकाकारानें दाखवावयाचें नाहीं, तर कोणीं?

येथवर दोष सांगितले. आतां गुण राखण्याचा उपाय कसा करितात त्याचें एक उदाहरण आपल्या घरचेंच आहे. मुंबईंत कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊं लागल्या. 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर यांनींहि या वेधशाळेचें काम कांहीं काळ पाहिलें होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईंतील घोड्यांच्या ट्रामगाड्या जाऊन विजेच्या येणार असें ठरलें, तेव्हां विजेच्या प्रवाहानें चुंबकसूचीच्या नोंदी बिघडणार हें उघड झालें. सूचि थोडी बोथट केली असती तर ट्रामचा त्रास तिला झाला नसता. पण मग पृथ्वीचा कंपहि तिला कळला नसता. वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनीं दुसरा मार्ग धरला. सूचि तशीच ठेवून तिची जागा बदलली. अलिबागेस लोखंडाचा उपयोग टाळून नवी इमारत बांधली, आणि १९०४ पासून १९०६ पर्यंत कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नवीशीं जुळावी.

या दोन कृतींत टीकाकारास घेण्यासारखें सर्व कांहीं आहे. प्रकाशनसमारंभ, पारितोषिकें, कंपूंचीं नातीं, लेखकाच्या आयुष्याविषयींच्या करुण किंवा चटकदार कथा, ह्या आमच्या ट्रामगाड्या. त्यांचा खडखडाट चालू असतां मनाची सूचि ढळली, तर ती कवितेनें ढळली कीं गाडीनें, हें सांगतां येत नाहीं. त्यावर उपाय मन बधिर करणें हा नव्हे. पुस्तक घेऊन दूर जावें हा आहे. आणि दुसरें, नवी अभिरुचि स्वीकारतांना जुनें वाचन सोडूं नये. दोन वर्षें दोन्ही ठिकाणच्या नोंदी घ्याव्या. जो केवळ नवेंच वाचतो त्याचे आकडे कशाशीं जुळवून पाहावे, हें कोणासच कळत नाहीं.

कोणी म्हणेल कीं, काव्य तोळ्यामाशांनीं मोजावयाची वस्तु नव्हे. प्रयोगशाळेचे नियम तेथें लावणें अरसिकपणाचें आहे. या आक्षेपांतील सत्यांश आम्हांस मान्य आहे. रोग आहे कीं नाहीं याचा निर्णय कधीं तरी निश्चित होतो. कविता चांगली कीं वाईट याचा तसा होत नाहीं. पण हे नियम प्रयोगशाळेनें आम्हांवर लादलेले नाहींत. ते आमच्या शास्त्रांत आधींपासून आहेत. राजशेखराचा 'काव्यमीमांसा' हा ग्रंथ १९१६ सालीं बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत पहिला ग्रंथ म्हणून छापला गेला. त्यांत त्यानें काव्याचा आस्वाद घेणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. अरोचकी, ज्यास कांहींच रुचत नाहीं. सतृणाभ्यवहारी, जो धान्याबरोबर गवतहि खातो. मत्सरी, ज्यास गुण दिसूनहि दिसत नाहीं. आणि तत्त्वाभिनिवेशी, जो तत्त्व निवडून घेतो आणि हजारांत एखादा सांपडतो. पहिल्यापाशीं विशिष्टता आहे, संवेदनशीलता नाहीं. दुसऱ्यापाशीं संवेदनशीलता आहे, विशिष्टता नाहीं. तिसऱ्याच्या कांट्याच्या भुजा असमान आहेत. आजच्या परीक्षणांतील बहुतेक 'संवेदनशील' मंडळी राजशेखरास दुसऱ्या खोलींत सांपडलीं असतीं.

अभिनवगुप्ताचा सहृदयहि असाच समजून घेतला पाहिजे. काव्याच्या सतत अभ्यासानें ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, तो सहृदय, असें त्यानें 'लोचन' टीकेंत म्हटलें आहे. आरसा जन्मतः स्वच्छ होता असें तो म्हणत नाहीं. अभ्यासानें झाला म्हणतो. आणि आरशाचा गुण थरथरणें हा नसून, समोर असेल तेवढेंच आणि तसेंच दाखविणें हा आहे.

यापुढें एक पाऊल टाकून आम्ही असें सुचवूं, कीं संवेदनशीलता कवीच्या मनांत शोधण्यापेक्षां कवितेच्या देहांत शोधावी. कवीचें मन कोणीं पाहिलें आहे? कविता तर समोर आहे. १९६१ सालीं एडवर्ड लोरेन्झ या हवामानशास्त्रज्ञानें गणकयंत्रांत ०·५०६१२७ या आंकड्याऐवजीं ०·५०६ एवढाच घातला, आणि थोड्याच काळांत यंत्रानें सांगितलेलें हवामान पहिल्याहून सर्वस्वीं निराळें झालें. आरंभींचा नगण्य फरक ज्या व्यवस्थेंत शेवटीं सर्व चित्र बदलून टाकतो, ती व्यवस्था संवेदनशील. चांगली कविता अशी असते. वामनानें 'काव्यालंकारसूत्रवृत्तीं'त शब्दपाक म्हणून जो गुण सांगितला त्याचें लक्षण हेंच आहे: जेथें शब्द बदलणें सोसत नाहीं, तेथें शब्द पिकला. कवितेंत 'माय' आहे तेथें 'आई' घालून पाहा, मग 'माता' घाला, मग 'जननी'. तिन्ही सुखानें बसलीं आणि कोठें कांहीं दुखलें नाहीं, तर ती कविता बधिर आहे; मग तिच्या कर्त्याचें मन कितीहि हळवें असो. एका अदलाबदलीनें सारी ओळ कोसळली, तर तेथें कांहीं तरी जिवंत आहे. ही परीक्षा कोणासहि घरीं बसून करितां येते, तिचा निकाल दुसऱ्यास दाखवितां येतो, आणि चुकला तर दुसरा तो दाखवूनहि देऊं शकतो.

अशा दुहेरी जाणिवेचा सर्वांत मोठा नमुना मराठींत एकनाथांचा आहे. ज्ञानेश्वरी लिहिली गेल्यावर जवळजवळ तीनशें वर्षांनीं, शके १५०६ मध्यें, त्यांनीं तिच्या अनेक पोथ्या पाहून पाठ शुद्ध केला आणि पुढें कोणीं तींत आपली भर घालूं नये असें बजावलें. या कामास केवळ ज्ञानेश्वरांच्या ओवीवर डोलणारें मन पुरलें नसतें. भोंवतीं डोलणारे पुष्कळ होते. त्यांच्याच डोलण्यांतून अपपाठ शिरले असावेत. जी ओवी गोड आहे, भक्तीची आहे, छंदांत बसते, आणि तरी ज्ञानेश्वरांची नाहीं, तिला हात जोडून बाहेर काढण्याचें धैर्य येथें लागतें. ओळखणें आणि नाकारणें ह्या दोन क्रिया एका मनांत एकत्र आल्या, म्हणून आज आमच्या हातीं तो ग्रंथ आहे.

आम्ही हा शब्द हद्दपार करा असें म्हणत नाहीं. वापरणारानें त्याबरोबर त्याचें बिल जोडावें, एवढेंच आमचें म्हणणें. हा कवि कशाविषयीं संवेदनशील आहे, आणि कशाविषयीं अंध? त्याचें मन ढळून कोठें स्थिरावलें? या संग्रहांतील कोणती कविता परीक्षकानें बाजूस सारली, आणि कां? कोणता शब्द बदलला असतां कोणती ओळ पडते? या चार प्रश्नांस ज्या परीक्षणांत उत्तर आहे, त्यांत 'संवेदनशील' हा शब्द आला तरी चालेल, न आला तरी अडणार नाहीं. ज्यांत उत्तर नाहीं, त्यांत तो शब्द वाचकानें वगळून वाचावा. वाक्याचा अर्थ जराहि बदलत नाहीं असेंच त्यास आढळून येईल.